सोलापूरच्या द्राक्षबागेचं खत: खाण्याला, बेदाण्याला आणि वाईनला वेगळा हिशेब

पालाश (पोटॅश) भरपूर दिला की थॉमसन जातीच्या द्राक्षाचा मणी भरतो, गोडी चढायला मदत होते, बेदाण्याचा उतारा वाढतो. तोच पालाश तेवढाच वाईनच्या कॅबरने सोव्हिन्यॉला दिला तर रसाचा सामू (पीएच) चढतो, रंग बसत नाही आणि वाईन सपक होते. नत्राचंही तसंच आहे. एप्रिल छाटणीनंतरच्या पहिल्या महिन्यात वेलीला ते हवंच असतं. पन्नासाव्या दिवशी तेच नत्र पुढच्या हंगामाचा घड जिरवतं. म्हणून ‘द्राक्षाला एकरी किती खत’ या प्रश्नाचं एका आकड्यात उत्तर देता येत नाही. माल कशासाठी पिकवतो आहोत, वेल कोणत्या अवस्थेत आहे आणि माती-पाण्यातून आधीच काय मिळतं आहे, हे तिन्ही कळल्यावरच पोत्याला हात लावावा.

सोलापूर जिल्ह्यात हे तिन्ही प्रकार आहेत. नान्नज-बार्शीकडे खाण्याची द्राक्षं, पंढरपूर-कासेगाव भागात बेदाणा, आणि माळशिरस तालुक्यात अकलूजजवळ मोटेवाडीला फ्रातेलीची वायनरी व तिच्या वाईन द्राक्षांच्या बागा. हवा सगळीकडे कोरडी आणि ऊन कडक. मात्र माती शेताशेताला बदलते. भीमेकाठी खोल काळी, तर सांगोल्याच्या बाजूला हातभर मुरमाड.

माती आणि पाणी: खताचं पहिलं पोतं इथेच असतं

मातीचा नमुना माल उतरल्यावर, खरड (म्हणजे एप्रिल) छाटणीच्या आधी घ्यावा. ठिबकच्या बागेत दोन ओळींच्या मधली कोरडी माती तपासून काहीच कळत नाही, कारण मुळ्या तिथे नसतात. ड्रिपरपासून वीतभर अंतरावर, ओल्या पट्ट्यातून, एकरात पंधरा-वीस ठिकाणी माती घ्या. ० ते ३० सेंटिमीटरचा एक नमुना आणि ३० ते ६० सेंटिमीटरचा दुसरा. दोन्ही वेगळे ठेवा, कारण क्षार बहुधा खालच्या किंवा अगदी वरच्या थरात साठलेले असतात आणि एकत्र केलेल्या नमुन्यात ते लपतात.

अहवालात आधी सामू, ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे क्षारांचं माप), मुक्त चुना आणि सोडियम पाहा. नत्र-स्फुरद-पालाश नंतर. आपल्याकडे सामू बहुतेक ७.८ ते ८.५ च्या दरम्यान येतो. मुक्त चुना जास्त असला की टाकलेला स्फुरद चुन्याशी बांधला जातो, आणि लोह-जस्त मातीत असूनही मुळीला मिळत नाही. घरी ताडून पाहायचं असेल तर मातीच्या ढेकळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाका. जोरात फसफसली तर चुना भरपूर आहे असं समजा.

मातीच्या संपृक्त अर्काची ईसी १.५ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली की द्राक्षाचं उत्पादन घटू लागतं. पाण्यासाठी ही रेषा साधारण १.० वर आहे. प्रयोगशाळा अनेकदा १:२.५ प्रमाणात पाणी मिसळून ईसी काढतात. तो आकडा संपृक्त अर्कापेक्षा बराच कमी दिसतो, म्हणून कोणती पद्धत वापरली ते विचारून घ्या. हा फरक न समजल्यामुळे खारवट जमीन ‘सामान्य’ समजून वर्षानुवर्षं खत टाकलं जातं.

पाण्याचा अहवालही खताच्या हिशेबात धरायचा असतो, आणि हे फार कमी लोक करतात. बोअरच्या पाण्यात नायट्रेट-नत्र १० पीपीएम असेल तर दर एक लाख लिटर पाण्यामागे एक किलो नत्र बागेत आपोआप जातं. हंगामात एकरी वीस लाख लिटर पाणी दिलं तर वीस किलो नत्र झालं, म्हणजे जवळजवळ एक पोतं युरिया. अहवालात नुसतं ‘नायट्रेट’ लिहिलं असेल तर तो आकडा ४.४ ने भागा, म्हणजे त्यातलं नत्र मिळेल. उसाच्या पट्ट्यातल्या विहिरींचं पाणी तर यासाठी मुद्दाम तपासावं.

काळ्या जमिनीचा पालाश हा आणखी एक फसवा आकडा आहे. अहवाल हेक्टरी २८० किलोच्या वर, म्हणजे ‘भरपूर’ दाखवतो आणि वेलीच्या पानांच्या कडा तरी करपतात. कारण पाण्यातलं सोडियम आणि मातीतलं कॅल्शियम मुळीपाशी पालाशाशी स्पर्धा करतात. अशा बागेत पालाशाची पोती वाढवण्याआधी सोडियम खाली ढकलावा लागतो. चुनखडीच्या जमिनीत जिप्समपेक्षा गंधक चांगलं काम करतं. एकरी ४० ते ५० किलो गंधक शेणखतात मिसळून बोदात (वेलींच्या ओळीखालच्या वरंब्यात) द्यावं. जिवाणू त्याचं आम्ल करतात, ते चुन्यावर काम करून जागेवरच जिप्सम तयार करतं. त्याला ओल आणि ऊब लागते, म्हणून ते जून ते सप्टेंबर या काळात मातीत असायला हवं. चुना नसलेल्या, सोडियमने चिकट झालेल्या जमिनीत मात्र जिप्समच द्यावं, आणि अहवालातल्या जिप्सम-गरजेप्रमाणे. दोन्ही उपायांना निचरा हवा. सुटलेला सोडियम वाहून जायला वाट नसेल तर तो तिथेच राहतो.

पानदेठ परीक्षण

मातीत काय आहे ते माती सांगते, पण वेलीने त्यातलं काय उचललं ते देठच सांगतो. वर्षात दोनदा तपासणी करावी. पहिली खरड छाटणीनंतर सुमारे ४५ दिवसांनी, काडीच्या तळापासून पाचव्या पानाचा देठ. दुसरी गोडी छाटणीनंतर (पावसाळा सरताना फळासाठी करतात ती) पूर्ण फुलोऱ्यात, घडासमोरच्या पानाचा देठ. एका प्लॉटमधून ७५ ते १०० देठ, एका वेलीवरून एकच. पान लगेच तोडून टाका, देठ स्वच्छ पाण्याने झटकन धुवा, सावलीत वाळवा आणि कागदी पिशवीतून पाठवा. प्लास्टिकमध्ये ते सडतात. आदल्या आठवड्यात जस्त किंवा बोरॉनची फवारणी झाली असेल तर त्या घटकांचे आकडे खोटे येतात. नमुना फवारणीआधीच घ्यावा.

थॉमसनसाठी कॅलिफोर्नियात बसवलेले फुलोऱ्याचे आकडे अंदाज म्हणून उपयोगी पडतात. पालाश १ टक्क्याखाली कमी, दीड टक्क्याच्या वर पुरेसा. स्फुरद ०.१५ टक्क्याच्या वर ठीक. जस्त १५ पीपीएमखाली कमी, २६ च्या वर ठीक. बोरॉन २५ खाली कमी, ३० च्या वर ठीक. नायट्रेट-नत्र ३५० पीपीएमखाली कमी, ५०० ते १२०० चांगलं आणि २००० च्या वर नक्कीच जास्त. मात्र ही मानकं खुंट (ज्या वेलीच्या मुळावर कलम केलं ती), जात आणि दुहेरी छाटणीच्या पद्धतीप्रमाणे सरकतात. पुण्याजवळ मांजरीला असलेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने आपल्या परिस्थितीसाठी मानकं दिली आहेत. प्रयोगशाळेने अहवालाला कोणती मानकं लावली ते पाहून मगच निर्णय घ्या.

खुंटही लक्षात ठेवा. डॉगरिज हा खुंट जोमदार आहे. भारी काळ्या जमिनीत डॉगरिजवर चढवलेल्या वेलीला नत्र हलक्या हातानेच द्यावं, नाहीतर मांडवाखाली अंधार होतो. ११० आर हा खुंट तुलनेने आवरलेला चालतो.

पिकाने नेलेलं खत

एक टन द्राक्षं बागेबाहेर गेली की त्यांच्याबरोबर साधारण दीड ते दोन किलो नत्र, पाऊण किलोच्या आत स्फुरद आणि तीन किलोच्या आसपास पालाश जातो. म्हणजे एकरी दहा टन मालामागे २० किलो नत्र, ७ किलो स्फुरद, ३० किलो पालाश. पानं आणि काड्या बागेतच बारीक करून मिसळल्या तर त्यांतलं बरंचसं परत मिळतं. त्यांचा वाटा, धुपून वा बांधून जाणारा भाग आणि नव्या वाढीची गरज धरून प्रत्यक्ष मात्रा या आकड्यांच्या दोन-तीनपट होते. स्फुरद चुन्यात अडकतो, म्हणून त्याचा पट सर्वांत मोठा असतो. पण ती दहापट होत असेल तर हिशेब तपासा.

पुढची मात्रा मध्यम पोताच्या जमिनीत, दहा टनांच्या आसपास खाण्याचा किंवा बेदाण्याचा माल घेणाऱ्या एक एकरासाठी आहे. अहवाल आणि वेलीचा जोम पाहून ती कमी-जास्त करायचीच असते.

खरड छाटणी ते काडी पिकेपर्यंत

पुढच्या फेब्रुवारीत किती घड येणार हे मे-जूनमध्येच ठरतं. हा काळ खतासाठी सर्वांत नाजूक आहे, आणि आपल्याकडे नेमकं त्याच वेळी कडक ऊन व पाण्याची टंचाई असते.

पहिले ३० दिवस: छाटणीनंतर लगेच खत सोडू नये, पानं फुटेपर्यंत वेल साठ्यावर जगते. तीन-चार पानं दिसली की सुरुवात करा. एकूण १५ ते २० किलो नत्र, म्हणजे ३५ ते ४० किलो युरिया, आठ-दहा हप्त्यांत विभागून. सामू जास्त असेल तर निम्मं नत्र अमोनियम सल्फेटमधून द्या, मुळीभोवतीची माती थोडी आम्लधर्मी होते. काडी जोमात असेल तर पंचविसाव्या दिवशीच थांबा.

३१ ते ६० दिवस: ही सूक्ष्म घडनिर्मितीची अवस्था. डोळ्यात घड होणार की बाळी (वेलीचा ताणा), ते या दिवसांत ठरतं. २० ते २५ किलो स्फुरद लागतो. त्यासाठी ३५ ते ४० किलो १२:६१:० (नत्र:स्फुरद:पालाश, टक्क्यांत) पुरतं. पण त्यातून चार-पाच किलो नत्रही जातं, त्यामुळे शेंडा पळत असेल तर ०:५२:३४ किंवा फॉस्फरिक आम्ल वापरा. सबकेनसाठी (खुडलेल्या काडीवर फुटणाऱ्या उपकाडीसाठी) शेंडा वेळेवर खुडणं आणि डोळ्यावर ऊन पडू देणं हेसुद्धा या स्फुरदाइतकंच महत्त्वाचं आहे. सावलीतला डोळा कितीही स्फुरद दिला तरी बाळीकडेच झुकतो. जादा नत्र दोन बाजूंनी मारतं: वेलीचं अन्न शेंड्याकडे वळतं आणि वाढलेल्या पानांची सावली डोळ्यावर पडते.

६१ ते १२० दिवस: काडी पिकायची. २५ ते ३० किलो पालाश, म्हणजे ५० ते ६० किलो सल्फेट ऑफ पोटॅश, आणि १० ते १५ किलो मॅग्नेशियम सल्फेट, वेगवेगळ्या दिवशी. नत्र पूर्ण बंद. इथे पावसाळा सुरू झालेला असतो. उन्हाळाभर कोरडी राहिलेली काळी जमीन पहिल्या चांगल्या पावसाने भिजली की सेंद्रिय पदार्थातलं नत्र एकदम मोकळं होतं. बाग आपोआप हिरवीगार दिसते ती त्यामुळे. त्यावर आणखी युरिया टाकला तर काडी हिरवीच राहते, केवडा रोग धरतो आणि गोडी छाटणीत डोळे असमान फुटतात.

म्युरेट ऑफ पोटॅश स्वस्त आहे, पण त्यात जवळजवळ निम्मं क्लोराइड असतं. ५० किलोच्या पोत्यातून २३-२४ किलो क्लोराइड बागेत येतं. खारट बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या बागेत ते अजिबात वापरू नये. पानांच्या कडा पालाशाच्या कमतरतेसारख्याच जळतात, मग शेतकरी आणखी म्युरेट देतो आणि दुखणं वाढत जातं.

गोडी छाटणी ते काढणी

छाटणीच्या पंधरा-वीस दिवस आधी बोदाच्या बाजूने चारी घेऊन एकरी ८ ते १० टन कुजलेलं शेणखत आणि १५० ते २०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट एकत्र कालवून भरा. सुपर शेणखतात मिसळून दिलं की त्याचा चुन्याशी थेट संबंध कमी येतो. तोडलेल्या मुळ्यांपासून पांढरी मुळी फुटायला हा वेळ लागतो. सप्टेंबरच्या पावसाने जमीन चिखल असेल तर चारी घेण्याची घाई करू नका, वाफसा येऊ द्या. अर्धवट कुजलेलं शेणखत मात्र टाकू नका. ते उशिरा, नेमकं मणी पिकताना नत्र सोडतं.

छाटणी ते चाळिसाव्या दिवसापर्यंत सुमारे १५ किलो नत्र, तीन-चार पानांपासून हळूहळू. दोडा अवस्थेत (घडाच्या कळ्या उमलण्याआधी) चिलेटेड जस्त अर्धा ग्रॅम आणि बोरिक ॲसिड अर्धा ग्रॅम प्रति लिटर अशा दोन फवारण्या आठवड्याच्या अंतराने. जस्त-बोरॉन कमी पडलं की घडात मोठे मणी आणि त्यांच्यामध्ये बाजरीएवढे मणी दिसतात, पण तेव्हा उशीर झालेला असतो. हे काम फुलोऱ्याआधीच व्हायला हवं.

फुलोऱ्यात नत्र बंद. हा नियम मोडला की गळ-कूज वाढते, कारण शेंडा आणि फूल एकाच अन्नावर भांडतात. या दोन आठवड्यांत हवा तर ८ किलोपर्यंत स्फुरद द्या.

मणी ४ ते ८ मिलिमीटरचा असताना पेशी वाढत असतात. तेव्हा ८ ते १० किलो नत्र आणि १० किलो पालाश लागतो. या नत्राचा काही भाग कॅल्शियम नायट्रेटमधून द्यावा. मण्यात कॅल्शियम पाण्याबरोबर चढतं, आणि मण्यात पाणी उतरल्यावर (मणी मऊ पडून पिकू लागल्यावर) तो प्रवाह जवळजवळ थांबतो. म्हणून सालीचा कडकपणा आणि टिकाऊपणा यासाठीचं कॅल्शियम पाणी उतरण्याआधीच गेलं पाहिजे. काढणीच्या तोंडावर मारलेली कॅल्शियमची फवारणी बहुतांशी सालीवर डाग पाडते, आत थोडंच शिरते.

पाणी उतरण्याच्या आठवडाभर आधीपासून पुढे २० ते २५ किलो पालाश, सल्फेट ऑफ पोटॅशमधून ४० ते ५० किलो, छोट्या हप्त्यांत. नत्र शून्य. १३:०:४५ मध्येही १३ टक्के नत्र आहे, हे विसरलं जातं. काळ्या जातीत त्याचा परिणाम आधी दिसतो. नान्नजला नानासाहेब काळे यांनी निवडलेल्या शरद सीडलेससारख्या जातीत उशिरा गेलेल्या नत्राने मणी काळा न होता लालसर-जांभळा राहतो. सोनाकासारख्या हिरव्या जातीत रंगावरून कळत नाही, पण मणी मऊ पडतो आणि पेटीत देठ लवकर वाळतो.

माल उतरल्यावर बागेला विसरू नये. पानं निरोगी असतील तर १५-२० दिवसांच्या विश्रांतीत ८ ते १० किलो नत्र आणि थोडा स्फुरद-पालाश पाण्याबरोबर द्या. खरड छाटणीनंतरची पहिली फूट याच साठ्यावर होते. पानं करपून गेलेली असतील तर हे खत मुळीजवळ पडून राहतं, तेव्हा देऊ नये.

बेदाण्याचा उतारा

बेदाण्यात गोडीचा हिशेब सरळ पैशात येतो. १५ टक्के ओलाव्याचा बेदाणा धरला तर १८ ब्रिक्सच्या (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेची ढोबळ टक्केवारी) दहा टन द्राक्षांतून सुमारे २१ क्विंटल बेदाणा पडतो आणि २२ ब्रिक्सच्या दहा टनांतून जवळजवळ २६ क्विंटल. चार-पाच क्विंटलचा फरक. शिवाय कमी गोडीचा बेदाणा चपटा, सुरकुतलेला आणि हलका दिसतो. पण ही गोडी नुसत्या पालाशाच्या पोत्यातून येत नाही, ती पानांतून येते. वेलीवर घड जास्त ठेवले, पानं केवड्या-भुरीने गेली किंवा सावलीत राहिली, तर कितीही सल्फेट ऑफ पोटॅश सोडलं तरी साखर चढत नाही. पालाश साखरेच्या वहनाला मदत करतो. साखर आधी तयार व्हावी लागते.

वाईनची बाग: इथे कमी देणं हेच कौशल्य

खाण्याच्या द्राक्षाची सवय लागलेला हात वाईनच्या बागेत आखडणं अवघड जातं. एकरी चार ते सहा टन माल घ्यायचा असतो. पाच टनांमागे आठ-दहा किलो नत्र आणि १५ किलो पालाश बाहेर जातो. वर्षभराचं नत्र १५ ते २५ किलो पुरतं, आणि तेही मुख्यतः खरड छाटणीनंतर व काढणीनंतर. काळ्या जमिनीत देठाचा पालाश दीड टक्क्याच्या वर असेल तर पालाश पूर्ण बंद ठेवा. एक टक्क्याखाली आला तरच द्या, आणि पाणी उतरण्याआधी द्या.

यामागचं कारण नीट समजून घ्यायला हवं. द्राक्षरसाची आंबट धार मुख्यतः टार्टरिक आणि मॅलिक आम्लाची. मण्यात पालाश वाढला की तो टार्टरिकच्या हायड्रोजनची जागा घेतो, पोटॅशियम बायटार्ट्रेट बनतं. त्याचे स्फटिक पुढे टाकीच्या तळाशी बसतात आणि आम्ल त्यांच्याबरोबर निघून जातं. सामू चढतो. मॅलिक आम्ल तर उष्णतेनेच जळतं, आणि सोलापूरच्या फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात ते लवकर जळतं. म्हणजे आपल्याकडे ऊन एक आम्ल आधीच घेऊन जातं, आणि जादा पालाश दुसरं घालवतो. थंड प्रदेशातल्या बागेला जो जादा पालाश खपून जातो, तो इथे खपत नाही. रेड वाईनमध्ये रस सालीसकट आंबवतात आणि सालीत पालाश जास्त असतो, त्यामुळे तिथे नुकसान मोठं.

वायनरीला सामूची एवढी काळजी का, ते सल्फर डायऑक्साइडवरून कळतं. जिवाणूंना रोखणारं त्याचं रूप सामू ३.२ ला मुक्त मात्रेच्या सुमारे ४ टक्के असतं, ३.८ ला फक्त १ टक्का. एवढंच संरक्षण हवं तर ३.२ ला लिटरला २० मिलिग्रॅम मुक्त सल्फर डायऑक्साइड लागतं आणि ३.८ ला जवळपास ८० मिलिग्रॅम. शिवाय चढ्या सामूला लाल रंग निळसर-फिका पडतो आणि लवकर तपकिरी होतो. टाकीत टार्टरिक आम्ल घालून सामू उतरवता येतो, पण पालाश जास्त असेल तर घातलेल्या आम्लाचाही काही भाग स्फटिक होऊन खाली बसतो. व्हाईटसाठी काढणीला रसाचा सामू ३.२ ते ३.४ आणि रेडसाठी ३.४ ते ३.६ मध्ये मिळाला तर बागेने आपलं काम केलं असं समजावं.

नत्राची गोष्ट पालाशाइतकी एकतर्फी नाही. यीस्टला आंबवण्यासाठी नत्र लागतं. रसात यीस्टला वापरता येणारं नत्र लिटरला साधारण १४०-१५० मिलिग्रॅमच्या खाली गेलं तर आंबवण रेंगाळतं, अर्ध्यात थांबतं आणि कुजलेल्या अंड्यासारखा हायड्रोजन सल्फाइडचा वास येतो. ते फार वाढलं तर यीस्टने न संपवलेलं नत्र बिघडवणाऱ्या जिवाणूंना मिळतं, प्रथिनांचा धूसरपणा येतो आणि इथाइल कार्बामेट या घातक संयुगाचा धोका वाढतो.

जातीप्रमाणे कल ठरवा. रेडमध्ये, कॅबरने किंवा सांजोव्हेसेमध्ये, नत्राची किंचित ओढ चांगली: मणी लहान राहतो, रसाच्या मानाने साल जास्त मिळते, रंग आणि टॅनिन वाढतं. व्हाईटमध्ये, विशेषतः सोव्हिन्यॉ ब्लांक आणि शेनिन ब्लांकमध्ये, नत्राची ओढ बसली की सुगंध मंदावतो. रसाची तपासणी कमी नत्र दाखवत असेल आणि वेलीचा जोम मात्र ठीक असेल, तर जमिनीतून नत्र वाढवू नका. मण्यात पाणी उतरण्याच्या सुमारास कमी बाययुरेटचा युरिया, एकरी ३ ते ४ किलो ४०० लिटर पाण्यात, दहा दिवसांच्या अंतराने दोनदा संध्याकाळी फवारा. हे नत्र पानातून थेट मण्याकडे वळतं, शेंडा पळवत नाही. करण्याआधी वायनरीशी बोला. थोडी कमतरता टाकीत डायअमोनियम फॉस्फेट घालूनही भरून निघते: लिटरला १०० मिलिग्रॅममागे सुमारे २१ मिलिग्रॅम नत्र मिळतं. पण ते फक्त अमोनियम असतं, बागेतून आलेल्या अमिनो आम्लांची जागा ते पूर्ण घेत नाही.

काढणीआधी दोन-तीन आठवड्यांपासून १०० ते २०० मणी वेगवेगळ्या वेलींवरून, घडाच्या वरून-खालून-मधून, उन्हाच्या आणि सावलीच्या दोन्ही बाजूंनी घ्या. ठेचून ब्रिक्स, सामू, एकूण आम्लता आणि यीस्टला मिळणारं नत्र मोजून घ्या. पुढच्या वर्षीच्या खताचा सर्वांत खरा अहवाल हाच आहे. भुरीसाठीचं गंधक काढणीच्या किमान पाच आठवडे आधी थांबवा. सालीवर राहिलेलं गंधकही तोच अंड्याचा वास आणतं, आणि मग दोष उगाच नत्राला लागतो.

ठिबकमधून देताना

पाणी देण्याच्या वेळेचे तीन भाग करा: पहिला साधं पाणी, मधला खत, शेवटचा पुन्हा साधं पाणी. आधीच खत सोडलं तर ते कोरड्या मातीत खोल निघून जातं, शेवटी सोडलं तर नळीतच राहून ड्रिपर बुजवतं. नऊ बाय पाच फुटांवर एकरात ९६८ वेली बसतात. वेलीला चार लिटरचे दोन ड्रिपर धरले तर तासाला सुमारे ७,७०० लिटर पाणी पडतं. त्या तासात ३ किलो खत गेलं तर लिटरला ०.४ ग्रॅम होतं, पांढऱ्या मुळीला हे सोसतं. दहा किलो एकदम सोडण्यापेक्षा तीन-तीन किलो तीनदा द्यावं.

कॅल्शियम नायट्रेट कधीही फॉस्फेट किंवा सल्फेटच्या खताबरोबर एका टाकीत घालू नका. पांढरा गाळ तयार होतो आणि तो नळीतून काढणं त्रासाचं असतं. शंका असेल तर बादलीत त्याच प्रमाणात, त्याच बोअरच्या पाण्यात मिसळून अर्धा तास ठेवा. पाणी गढूळ झालं तर ती जोडी टाळा.

पान वाचताना होणारे गोंधळ

कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या: लोह. आपल्याकडे चुन्यामुळे हे नेहमीचं, आणि जादा पाण्याने वाढतं. आधी पाणी कमी करून पाहा. इडीटीए चिलेट आपल्या सामूला मातीत टिकत नाही, जमिनीतून द्यायचं तर इडीडीएचए. फवारणीसाठी फेरस सल्फेट ३ ग्रॅम आणि सायट्रिक आम्ल १ ग्रॅम प्रति लिटर, फुलोऱ्याआधीच, नाहीतर घडावर डाग पडतात.

जुन्या पानात शिरांच्या मधला भाग पिवळा: मॅग्नेशियम. पालाश सतत जास्त दिलेल्या बागेत हेच आधी दिसतं, म्हणून उपाय कधीकधी पालाश कमी करणं हाच असतो. मधल्या पानांच्या कडा वाळलेल्या: पालाशाची कमतरता किंवा सोडियम-क्लोराइड. नुसत्या डोळ्यांनी हा फरक करू नका, देठाचा अहवाल मागवा. मणी पिकताना देठाच्या फांद्या काळ्या पडून टोकाचे मणी पाणचट होत असतील तर नत्र जास्त आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी, असं चित्र बहुतेक वेळा निघतं.

आणि एक सवय लावून घ्या. दरवर्षी बागेच्या मधोमध दोन ओळी अशा ठेवा, जिथे पाणी उतरण्याच्या वेळचा पालाश निम्माच दिला आहे. त्यासाठी त्या ओळींच्या नळीला सुरुवातीलाच एक छोटा व्हॉल्व्ह बसवावा लागतो, एवढाच खर्च. काढणीला त्या ओळींचे मणी वेगळे मोजा: ब्रिक्स, सामू, मण्याचं वजन. फरक दिसला नाही, तर पुढच्या वर्षी पूर्ण बागेचा पालाश त्या ओळींइतका करा आणि पुन्हा दोन ओळी त्याहून कमी ठेवा.